शाब्बास म्हणायचं नाही

अकरा वर्षं मी लोकांना पडताना बघण्याचा पगार घेतला. पडताना म्हणजे अगदी शब्दशः. माणूस चालत यायचा, मध्येच एका बाजूला झोकांडी जायची, भिंतीला हात लावायचा, कधी भिंत सापडायच्या आधीच खाली बसायचा, आणि मी हातातल्या कागदावर त्याला शून्य ते आठ यांतला एक आकडा द्यायचे. आकडा जितका मोठा, तितकी चाल वाईट. दरवर्षी तोच माणूस, तोच कागद, फक्त आकडा वाढलेला. मग जीपमध्ये बसायचं आणि पुढच्या गावाला जायचं.

या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "सिस्टर, नोकरीतल्या हृद्य आठवणी लिहा." मी म्हटलं, हृद्य आठवणींसाठी दुसरं कुणी बघा, माझ्याकडे राग शिल्लक आहे. त्या म्हणाल्या, "मग तोच लिहा." तेव्हा वाचणाऱ्यांनी तक्रार त्यांच्याकडे करावी.

मी मूळची वॉर्डातली नर्स. नाशिकरोडला आमच्या कॉलनीत अजूनही मला इंजेक्शनवाल्या पगारेताई म्हणूनच ओळखतात, बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमातही कुणी ना कुणी बाही वर करून गाठ दाखवायला येतंच. वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर आमच्या रुग्णालयातल्या मेंदूविकाराच्या मोठ्या सरांनी एक अभ्यास सुरू केला आणि त्यासाठी गावोगाव फिरणारी, शिवी न देता लोकांशी बोलणारी नर्स पाहिजे म्हणून मला उचललं. त्यातली पहिली अट मी पुरी करत होते.

आजार काय, ते साध्या शब्दांत सांगते. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. हात, पाय, जीभ, डोळे यांनी कधी किती हलायचं याचा हिशेब तो ठेवतो. काही घराण्यांत तो हळूहळू झिजत जातो. आईला किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. सुरू होतो बहुतेक तिशी-पस्तिशीत, म्हणजे लग्न होऊन मुलं झाल्यावर. आधी चाल बिघडते, मग हात, मग बोलणं, मग गिळणं. आमच्या ओळखीच्या या घराण्यांत बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहायची, म्हणजे आपलं काय चाललं आहे ते माणसाला सगळं कळत असायचं. यावर औषध नाही. फार थोड्या घराण्यांत असतो, म्हणून कुणाला फारशी घाईही नाही.

आमचा अभ्यास होता नुसता बघण्याचा. उद्या एखादं औषध निघालं, तर ते लागू पडतं की नाही हे कशावरून ठरवायचं? आधी औषधाविना आजार किती वेगाने वाढतो ते माहीत पाहिजे. त्यासाठी त्याच माणसांना वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने तपासत राहायचं. हे मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं. माझा राग बघण्यावर नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वाचताना तसं वाटेल.

तपासण्या साध्या होत्या. आठ मीटर चालायचं, तेही मोजलेल्या सपाट फरशीवर. पाय जुळवून उभं राहायचं. बोट आपल्या नाकाला आणि मग माझ्या बोटाला लावायचं. दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा "पाटा पाटा" म्हणायचं, ज्यावर पहिल्या वर्षी सगळे हसायचे आणि चौथ्या वर्षी कुणी हसायचं नाही. आणि शेवटी नऊ खुंट्यांची पाटी. प्लास्टिकच्या पाटीवर नऊ भोकं, शेजारी वाटीत नऊ बारीक खुंट्या. एकेक उचलून भोकात घालायची, सगळ्या झाल्या की एकेक काढून परत वाटीत टाकायची. मी घड्याळ लावून बसायचं.

आणि एक नियमांची पुस्तिका होती. तपासणाऱ्याने प्रत्येक गावात तेच शब्द, त्याच क्रमाने बोलायचे. कुणी चांगलं केलं तर चांगलं म्हणायचं नाही, कुणी पडलं तर हळहळायचं नाही. प्रत्येक तपासणीनंतर एवढंच म्हणायचं, "झालं. आता पुढचं." कारण एक नर्स धीर देणारी आणि दुसरी तोंड पाडून बसणारी निघाली, तर आकडे आजाराचे राहत नाहीत, नर्सचे होतात. नियम शहाणा होता. मी तो मोडला, आणि कसा मोडला ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

त्याआधी नियम पाळला तर काय होतं, त्याचाही एक किस्सा ऐका. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर रामदास म्हणून आमचा रुग्ण होता. त्याच्या भेटीचा जो पंधरवडा ठरला होता, त्यात अख्खा पाडा कामाला बाहेर पडलेला असायचा. घराला कडी, ओट्यावर एक म्हातारी. दोन वर्षं आमची जीप रिकामी परतली आणि ऑफिसातल्या यादीत रामदासच्या नावापुढे लागलं, "पाठपुराव्यातून हरवलेला". हरवलेला कसला? बायको-भावांबरोबर दिंडोरीला द्राक्षांच्या बागेत होता, आमच्या ऑफिसपासून तासाभराच्या आत. मी रविवारी माझी स्कूटर काढली, बाग शोधून काढली आणि द्राक्षं भरायच्या शेडमधल्या सिमेंटच्या जमिनीवर त्याची सगळी तपासणी केली. तो म्हणाला, "सिस्टर, इथं बी मोजता का?" सोमवारी मी कागद सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते परत केले, कारण जागा मंजूर नव्हती आणि तारीख पंधरवड्याबाहेरची होती. रामदास हरवलेलाच राहिला. पुढच्या वर्षी तो खरोखरच गेला, तेव्हा यादीत काहीही बदलावं लागलं नाही.

आता ताराबाई. लासलगावपासून थोड्या अंतरावरच्या खेड्यात घर, नवरा भाऊसाहेब सुतारकाम करणारा, एक मुलगी वैशाली, तेव्हा चौथीत. ताराबाई एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कामाला जायची. खळं म्हणजे लिलावात घेतलेला कांदा जिथे ओततात, निवडतात आणि गोण्यांत भरतात ते आवार. बायका ओळीने बसून गोल्टी, म्हणजे बारीक माल, एकीकडे आणि मोठा माल दुसरीकडे करतात, हात यंत्रासारखे चालतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ताराबाई तेहतीस वर्षांची होती. मला म्हणाली, "कांदा दिसतो इथं, हात जातो तिथं."

तिचे वडील याच आजाराने गेले होते. गावाने त्यांना शेवटपर्यंत दारुडा ठरवलं. त्या माणसाने आयुष्यात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं.

पहिल्या भेटीत मी संमतीपत्र मोठ्याने वाचलं. त्यात एक ओळ असते, ती दरवर्षी वाचावी लागते: या अभ्यासातून तुम्हाला प्रत्यक्ष लाभ होणार नाही. ही ओळ वाचताना मी नेहमी कागदाकडे बघायचे, माणसाकडे नाही. ताराबाईने विचारलं, "पन कोनाला तरी व्हईल ना?" मी म्हटलं, पुढच्या लोकांना होईल. तिने वैशालीकडे पाहिलं आणि सही केली.

तपासणी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली, कारण सपाट फरशी तिथेच होती. सगळं झाल्यावर खुंट्यांची पाटी पुढे ठेवली. आठ खुंट्या बसल्या, नववी निसटून खाली गेली. ती वाकली, तोल गेला, सावरली, खुंटी शोधली आणि बसवली. वीस वर्षं वॉर्डात पेशंटला पहिलं पाऊल टाकताना, पहिला घास गिळताना जे म्हणत आले तेच माझ्या तोंडून गेलं. मी म्हटलं, "शाब्बास, ताराबाई."

तिचा चेहरा असा फुलला की मलाच बरं वाटलं. भाऊसाहेबांनी पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, दोन भोकांमध्ये बोट ठेवून पाहिलं, कडेने वीत लावली. सुतार माणूस, मला वाटलं प्लास्टिकचं काम बघतोय. बघण्याचा पगार घेणाऱ्या बाईला एवढंही दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षी ताराबाईचा वेळ कमी लागला. तिसऱ्या वर्षी आणखी कमी. चालही तीच, "पाटा पाटा" तर इतर कुणापेक्षा स्वच्छ. तिच्याबरोबर अभ्यासात आलेले लोक भिंत धरून चालायला लागले होते, एक कळवणकडचे मास्तर खुर्चीवर आले होते, आणि ही बाई जिथे होती तिथेच. मी दरवर्षी शाब्बास म्हणायचे, आणि दरवर्षी जरा जास्त जोरात. नियम मोडतेय हे माहीत होतं. पण वर्षभर नुसती घसरण लिहिणाऱ्या माणसाला एक घर असं मिळालं की तिथे नियम आठवत नाहीत.

चौथ्या वर्षी ताराबाई खळ्यावर जायची थांबली. कांद्याची पात छाटताना तिचा विळा दोनदा बोटावर गेला म्हणून मुकादमाने घरी पाठवलं होतं. आमच्या कागदावर प्रश्न होता, काम करता का, हो की नाही. ती म्हणाली, "करते की." घरातलं करतच होती. मी "हो"वर खूण केली आणि पुढे गेले.

सरांना आधी तिचे आकडे आवडले, मग खुपायला लागले. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "सिस्टर, घड्याळ तेच वापरता ना?" म्हणजे मी खोटे आकडे लिहिते का, हे सभ्य भाषेत. पुढच्या खेपेला माझ्याबरोबर एक तरुण डॉक्टर पाठवले. त्यांनी स्वतः घड्याळ धरलं. आकडा तोच आला. मग काय, आमच्याकडे उत्साहाचं वारं सुटलं. हिच्या रक्तात काहीतरी असं आहे की जे आजाराला थोपवतं, असा सगळ्यांचा समज झाला. तीन वर्षांत तीनदा जादा रक्त नेलं. बर्फाच्या डब्यात घालून कुठे कुठे पाठवलं. तिच्या शरीरातला थेंब न् थेंब विचारून झाला, पण बाई, तुम्ही दिवसभर काय करता, हे एकाही शहाण्याने तिला विचारलं नाही. त्या शहाण्यांत मीही आहे.

आठव्या वर्षी बातमी आली की दुसऱ्या एका मोठ्या शहरात या आजारावर एका औषधाची चाचणी सुरू होणार आहे आणि आमच्या अभ्यासातून काही रुग्ण पाठवता येतील. मला आठवतं, त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. संमतीपत्रातली ती ओळ आता माणसाकडे बघून वाचता येईल असं वाटलं. मग अटींचा कागद आला. त्यात एक अट अशी, की गेल्या काही वर्षांत रुग्णाची घसरण ठरावीक प्रमाणात झालेली असली पाहिजे. जो घसरतच नाही त्याच्यावर औषधाचा उपयोग मोजणार कसा? आमच्या यादीत तिघे बसले. ताराबाई बसली नाही. तिचे आकडे फार चांगले होते.

हे तिला सांगायला मी एकटीच गेले, भेटीच्या दिवसाशिवाय, न कळवता. आठ वर्षांत मी त्या घरी अचानक कधी गेले नव्हते. दार उघडं होतं. ओसरीच्या फरशीवर चुन्याची सरळ रेघ मारलेली होती, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. ताराबाई पाटावर बसली होती, केस सुटलेले, पदराला वरण सांडल्याचे डाग. मी तिला नेहमी वेणी घालून, इस्त्रीच्या साडीत पाहिलेलं. तिच्यापुढे बाभळीच्या लाकडाची पाटी होती. नऊ भोकं. वाटीत सायकलच्या तारेचे तासून केलेले नऊ तुकडे. समोर भाऊसाहेब मोबाइलचं घड्याळ लावून बसले होते.

मला बघून ताराबाईने पाटी मागे सारली, कॉपी पकडल्यासारखी.

मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. वैशाली आतून बाहेर आली, तेव्हा अकरावीत होती. म्हणाली, "आई, सांग ना आता सिस्टरला. नाही तर मी सांगते."

"काय सांगायचं त्यात," ताराबाई म्हणाली. तिचं बोलणं ऐकून मी चमकले. तपासणीतलं "पाटा पाटा" स्वच्छ होतं, पण हे वाक्य ओल्या कापडातून आल्यासारखं आलं.

"पहिल्या वर्षापासून रोज सकाळी करते," वैशाली म्हणाली. "रेघेवर चालते, पाटा पाटा म्हणते, मग खुंट्या. तुम्ही यायच्या आधी महिनाभर दोन्ही वेळा. तिला ताट नीट धरता येत नाही सिस्टर, गुंडी लागत नाही. फक्त तुमचं तेवढं येतं."

मी विचारलं, कशासाठी? माझा आवाज चढला होता हे मला नंतर कळलं.

ताराबाई खाली बघत म्हणाली, "तुमी शाब्बास म्हनायच्या ना. मला वाटलं, ज्याचं चांगलं येतं त्याला ठेवत्यात. नापास झालं की काढून टाकत्यात. औषिद आलं की जे टिकले त्यांनाच भेटनार, असंच वाटलं."

"म्या बी तेच समजलो," भाऊसाहेब म्हणाले. "शाळंत तसंच असतं."

वैशाली माझ्याकडे बघत होती. "तुम्ही शिकलेल्या ना," ती म्हणाली, "तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

मग भाऊसाहेबांनी आतून वह्या आणल्या. शाळेच्या शंभर पानी वह्या, सात, जवळजवळ वर्षाला एक. प्रत्येक ओळीवर तारीख, सकाळचा वेळ सेकंदात, आणि पुढे शेरा. "ताप." "उपास." "दोन पडल्या." "आज रडली." आठ वर्षांत सुटलेले दिवस अगदी थोडे. मी उंबऱ्यावर बसून पानं उलटत गेले. आम्ही वर्षातून एकदा जाऊन मोजत होतो आणि त्याला अभ्यास म्हणत होतो. हा माणूस रोज मोजत होता.

आणि त्या वह्यांत आजार होता, ढळढळीत. पाचव्या वहीत ताराबाईला टायफॉइड झाला, तीन आठवडे सराव बंद. आधी रोज बेचाळीस-त्रेचाळीस सेकंद. उठल्यावर पहिल्या दिवशी एकाहत्तर. मग दोन महिने घासून घासून बावन्न, आणि पुन्हा बेचाळीस कधीच नाही. पुढे आमच्या भेटीच्या महिन्यात दोन्ही वेळा करून ती कशीबशी पंचेचाळीसवर यायची, आणि जीप गेली की आठवड्यात परत घसरायची. ती वर्षभर घसरत होती आणि आमच्यासाठी एक दिवस वर चढत होती.

मी त्या सातही वह्या पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. म्हटलं, सर, ही घसरण बघा, ही अटीत बसते, चाचणीवाल्यांना पाठवा.

त्यांनी पहिली वही उघडली, दोन पानं पाहिली आणि मिटली. "सिस्टर, हा डेटा प्रमाणित नाही. पाटी घरी केलेली, तपासणारा नवरा."

"तुमचा प्रमाणित डेटा वर्षातून एका दिवसाचा आहे सर. हा साडेतीनशे दिवसांचा आहे."

"प्रश्न तो नाही. तिने सराव केला. तिचे आठ वर्षांचे सगळे आकडे दूषित झाले. चाचणी सोडा, आता मला तिला अभ्यासातूनही वगळावं लागेल."

मी म्हटलं, "दूषित? बाईने हातपाय मारले त्याला दूषित म्हणता? सर, आपल्या यादीतले बाकीचे लोक याच काळात खुर्चीत गेले. ही अजून आपल्या हाताने जेवते, सांडत का होईना. सरावाने काही होतं का, हे तरी बघा. तेवढं तरी विचारा."

"तो आपल्या अभ्यासाचा प्रश्न नाही," सर म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले, ते कधीच चढवत नसत. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "त्यांना हे परीक्षेसारखं का वाटलं, सिस्टर? पुस्तिकेत कौतुक करायचं नाही असं स्पष्ट आहे. तुम्ही शाब्बास म्हटलं नसतं तर ही वेळ आली असती का?"

हे खरं होतं. खरं होतं म्हणून तर मला आजही जास्त राग येतो. त्यांच्यावर, कारण त्यांना आठ वर्षांच्या वह्यांतून फक्त माझी चूक दिसली. आणि माझ्यावर, कारण चूक खरंच माझी होती. मी "झालं, आता पुढचं" म्हणत राहिले असते, तर ती पहिल्या वर्षापासून सरळ घसरत गेली असती आणि चाचणीत बसली असती. पण मग ती सात-आठ वर्षं लाकडी पाटीपुढे बसली नसती, आणि घास कदाचित आधीच दुसऱ्याच्या हातून खायला लागली असती. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता आलेलं नाही. ज्यांना मोजून ठरवता आलं असतं त्यांनी वही मिटली.

वगळण्याचा कागद मलाच भरायला लावला. कारणांचे चार चौकोन होते: मृत्यू, स्थलांतर, माघार, इतर. मी "इतर"वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर लिहिलं, "रुग्णाने प्रयत्न केला." दोन दिवसांनी कागद परत आला. माझं वाक्य खोडून कुणीतरी टंकलेली पट्टी चिकटवली होती, "नियमभंग". खाली सही मात्र माझीच होती.

पुढे जे तिघे चाचणीला गेले त्यांचं काय झालं, ते औषध चाललं की नाही, असं लोक मला विचारतात. अजून कळलेलं नाही. अकराव्या वर्षी आमचा अभ्यास संपला. सरांनी अहवाल लिहिला, तो चांगला आहे असं म्हणतात. त्यात घसरणीच्या रेघा आहेत, एकसारख्या, सुबक. ताराबाईची रेघ त्यात नाही. समारोपाला मला शाल आणि मानचिन्ह दिलं. मानचिन्ह प्लास्टिकचं आहे, पाटीसारखंच.

या उन्हाळ्यात मी ताराबाईकडे गेले. सातही वह्या सरांकडून मी तेव्हाच परत आणून दिल्या होत्या. आता त्यांची चळत दहावर गेली आहे. भाऊसाहेबांचे केस पिकलेत. ताराबाई पाठ टेकायच्या खुर्चीत असते, मान उशीला लावून. वैशाली शिकून तिथल्याच एका शाळेत नोकरीला लागली आहे. ती आईला भरवते, वेणी घालते, घड्याळ लावते. लाकडी पाटीवर स्वतःचा हात मात्र ती कधी आजमावून बघत नाही, आणि का ते मी विचारत नाही.

अभ्यास बंद झाला आहे हे मी त्या घरी दोनदा समजावून सांगितलं होतं. तरी चहा झाल्यावर ताराबाईने बोटाने पाटीकडे दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. घड्याळ मी धरायचं असं तिचं म्हणणं होतं.

वैशालीने पाटी आईच्या मांडीवर ठेवली. पहिली खुंटी उचलायलाच इतका वेळ गेला की मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. हात वाटीच्या पलीकडे जायचा, परत यायचा, वाटी सरकायची. तीन बसल्या. चौथी पडली, वैशालीने उचलून दिली, मग बसली. पाचवी बसली. सहावी तिने भोकाच्या कडेवर टेकवली आणि तशीच धरून बसली, मग ती बोटांतून सुटली. तिने हात मांडीवर ठेवला. सात मिनिटं झाली होती.

माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला.

ती बराच वेळ शब्द जुळवत होती. मग एकेक करून म्हणाली, "आता, झाले ना, नापास?" थोडं थांबून म्हणाली, "आता सांगा सरांना. म्हनावं, आता घ्या."

भाऊसाहेबांनी वही माझ्यापुढे केली. मी तारीख घातली, वेळ लिहिला, शेऱ्यात "पाच बसल्या" असं लिहिलं. आमच्या अभ्यासात तपासणाऱ्याच्या सहीशिवाय कागद ग्राह्य धरत नसत, आणि त्या दहा वह्यांत कुठेही कुणाची सही नव्हती. मी त्या ओळीपुढे माझं पूर्ण नाव लिहून सही केली. मग पहिली वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून प्रत्येक पानाखाली सही करायला बसले.